एकोणीस हजार पाचशे एकवीस जीव

माधवराव मयेकरांनी लिहिलेला खेळ अगदी साधा होता. संगणकाने मनात एक शब्द धरायचा, पडद्यावर त्याच्या अक्षरांइतक्या रेघा काढायच्या आणि समोरच्याने एकेक अक्षर सांगत तो शब्द ओळखायचा. अक्षर चुकलं की एक जीव गेला. असे आठ जीव. आठही गेले की खेळ खलास. अक्षरं इंग्रजी, शब्द मात्र मराठी: कोळंबी, भोपळा, चटई, असे घरगुती. हा खेळ फळ्यावर खडूने दोन मिनिटांत खेळता येतो, असं त्यांच्या पत्नीचं, कमलताईंचं म्हणणं होतं. माधवरावांना तो सी भाषेत लिहायला अडीच महिने लागले होते, त्यामुळे त्यांनी हे म्हणणं ऐकू न आल्यासारखं केलं.

माधवराव बावीस वर्षं गिरणीत टाइमकीपर होते. संपानंतर गिरणीचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडला नाही, तेव्हा त्यांनी डिलाईल रोडवरच्या आपल्या चाळीच्या जिन्यात मुलांना शिकवायला सुरुवात केली. पहिलीची मुलं पहिल्या पायरीवर, दुसरीची दुसऱ्या, अशी व्यवस्था. वर्ष पास झालं की मूल एक पायरी वर चढे, आणि आईबापांना प्रगतिपुस्तक बघायची गरज उरत नसे. पण जिना तो जिना. कुणी पाण्याची कळशी घेऊन वर निघालं की अख्खी शाळा भिंतीला चिकटून उभी राही आणि सात नवे त्रेसष्ट अर्ध्यावर लटकत राही.

आता संपाला पंधरा वर्षं होत आली होती. माधवरावांच्या भाच्याने ऑफिसातून काढून टाकलेला एक जुना संगणक मामाला आणून दिला, मामा छप्पन्नाव्या वर्षी दादरच्या एका क्लासात कॉलेजच्या पोरांमध्ये बसून सी शिकला, आणि त्याच सुमारास तळमजल्यावरची खोली रिकामी झाली. रमाबाईंची खानावळ तिथे होती. जेवायला येणारे कामगार गावी गेले, मागोमाग रमाबाईही गेल्या. खोली चाळ कमिटीच्या ताब्यात आली आणि तिच्यावर दोन अर्ज पडले. एक माधवरावांचा, मुलांच्या संगणकवर्गासाठी. दुसरा दौलत मंडपवाल्याचा, खुर्च्या आणि बांबू ठेवण्यासाठी.

दौलतच्या अर्जात अडचण नव्हती. बांबू म्हणजे काय हे कमिटीला ठाऊक होतं. माधवरावांचा अर्ज मात्र चाळीच्या नियमावलीतल्या एका कलमात अडकला: ‘खोलीत पिठाची गिरणी, शिवणयंत्र अथवा तत्सम यंत्र चालविण्यास मनाई आहे.’ संगणक हा तत्सम आहे की नाही, यावर कमिटीच्या तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत चिटणिसांनी ‘तो पीठ पाडतो का?’ असा थेट सवाल केला. शेवटी अध्यक्ष दत्तूअण्णा पारकर म्हणाले, “माधवा, एकदा चालवून दाखव. यंत्र आसा की शाळा आसा, ता आम्ही बघून ठरवतलो. सव्वीस जानेवारीक पूजा झाली की खोलीचो निकाल.”

त्याच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी सकाळी माधवरावांच्या दहा बाय बाराच्या खोलीत पहिलं प्रात्यक्षिक झालं. संगणक ज्या टेबलावर होता त्याच्या दुसऱ्या टोकाला स्टोव्ह होता, त्यामुळे कमिटी उसळीच्या फोडणीत उभी होती. दत्तूअण्णा खुर्चीवर बसले. हा माणूस विणकाम खात्यात चाळीस वर्षं जॉबर, म्हणजे मुकादम होता आणि मागांच्या खडखडाटात बोलायची सवय असल्यामुळे कानगोष्टही तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचवत असे.

पडद्यावर आलं: तुमचं नाव?

आता गिरणगावात नाव विचारलं की माणूस नुसतं नाव सांगत नाही. अण्णांच्या खात्यातच तीन दत्तू पारकर होते, म्हणून हजेरीपटापासून मनीऑर्डरपर्यंत सगळीकडे ते एकच पूर्ण उत्तर देत आले होते. अण्णांनी चष्मा सावरला आणि एका बोटाने, प्रत्येक अक्षर मोठ्याने उच्चारत, सावकाश टाइप केलं: दत्तू विठोबा पारकर मु पो तारकर्ली ता मालवण जि सिंधुदुर्ग.

माधवरावांनी नावासाठी वीस घरं राखली होती. एका घरात एक अक्षर. ‘माधव’ सहा घरांत बसतं, ‘कमल’ला तर पाचच लागतात, म्हणजे वीस हा त्यांच्या मते राजवाडा होता. पण विसानंतर कुणी आलंच तर काय, हे त्यांनी संगणकाला सांगितलं नव्हतं, आणि संगणक हा न सांगितलेली गोष्ट कधी करत नाही. ‘पारकर’मधल्या शेवटच्या अक्षराला वीस घरं भरली. उरलेला पत्ता शेजारच्या घरांत शिरला. शेजारी कोण राहत होतं? ओळखायचा गुप्त शब्द. तो बिचारा ‘भोपळा’ बाहेर फेकला गेला आणि त्याच्या जागी मुक्काम पोस्ट तारकर्ली बसली. ती घरंही पुरली नाहीत, तेव्हा मालवण पलीकडच्या खोलीत घुसलं, जिथे जिवांचा आकडा राहत होता.

पडद्यावर एकोणचाळीस रेघा उमटल्या. खाली लिहून आलं: शिल्लक जीव १९५२१.

कमिटीच्या मागून गणपत फिटर म्हणाला, “एकोणीस हजार! अण्णा, एवढे जीव असते तर संप अजून चालवला असता आपण.”

अण्णा खूश झाले. त्यांना वाटलं, अध्यक्ष म्हणून खास सोय केली आहे. ते अक्षरं सांगत सुटले. एका अक्षराला दोन-दोन जीव जात होते, पण एवढ्या गर्दीत मोजतो कोण? हळूहळू रेघांच्या जागी अक्षरं दिसू लागली. टी आला, आर आला, के आला. चिटणीस वाचू लागले आणि अण्णांचा चेहरा बदलत गेला.

“तारकर्ली? माधवा, ह्यो माझो गाव!”

“अण्णा, त्याचं असं झालं...”

“ओळखूचो शब्द म्हणान माझो गाव ठेवलंस? आणि माझ्याच गावासाठी माझेच जीव घेतंस?”

“मी म्हणतच होतो,” चिटणीस म्हणाले, “जिल्हा वेगळा करायलाच नको होता. रत्नागिरी असतं तर एक अक्षर वाचलं असतं.”

एवढ्यात सिंधुदुर्गाची शेपटी आणखी कुठे तरी भलत्या जागी पोचली असावी, कारण पडदा काळा झाला आणि संगणक गप्प बसला. दौलत मंडपवाला दारात उभा राहून सगळं बघत होता. तो वाईट माणूस नव्हता. जाताना फक्त एवढंच म्हणाला, “बांबू बरा, मास्तर. बांबू असं काही करत नाही.”

माधवराव त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणजे दुपारी जेवले नाहीत; संध्याकाळी कमलताईंनी “उसळ आंबेल” म्हटल्यावर जेवले. बावीस वर्षांत त्यांच्या हजेरीपटावर एक माणूस इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि आता अख्खं गाव झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून चाळ सल्ला द्यायला येऊ लागली. चाळीत आजारी माणसालाही इतके सल्ले मिळत नाहीत. एकाने संगणकाची दिशा चुकली आहे असं सांगितलं. एकाने आतला पंखा साफ करायला सांगितलं आणि करूनही दिला, त्यात दोन झुरळं मिळाली, पण तारकर्लीशी त्यांचा संबंध नव्हता. गणपत फिटर म्हणाला, “सोपं आहे हो. घरं वाढवा. वीसची ऐंशी करा.” माधवरावांना ते पटलं. ऐंशी घरं केली. हाताने कागदावर मोजलं, अण्णांचा पत्ता पिनकोडसकट बसत होता. ते समाधानाने दूध आणायला गेले, आणि टेबलावर जागा हवी म्हणून कमलताईंनी कणकेची परात कीबोर्डवर ठेवली.

परतल्यावर त्यांना जिन्यातूनच आवाज ऐकू आला. संगणक टूं टूं करून ओरडत होता. ‘तुमचं नाव?’च्या पुढे एकच अक्षर ओळीच्या ओळी भरून लागलं होतं आणि परातीचं नाव अजून संपलं नव्हतं. त्यांनी परात उचलून एंटर दाबलं. शब्द गेला, जीव गेले, पडदा गेला.

“अहो, तुमचा खेळ एवढा नाजूक असेल तर त्याला कपाटात ठेवा,” कमलताई म्हणाल्या. “मुलांसमोर कसला ठेवताय?”

हे त्यांना लागलं, कारण ते खरं होतं.

बुधवारी राधाबाई आल्या. त्या वरळी कोळीवाड्याच्या. चाळीच्या फाटकाशी त्यांची मासळीची पाटी बसत असे. अध्यक्षांचा गाव खाणारं यंत्र बघायला त्या पाटी झाकून वर आल्या. नाव विचारल्यावर ‘राधा’ एवढंच टाइप केलं. माधवरावांना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. शब्द निघाला सात अक्षरांचा. राधाबाईंनी के दाबला, एंटर दाबलं. के बरोबर आला. आणि लगेच खाली: चूक! शिल्लक जीव सात.

“काय रं मास्तर? बरोबर बी बोलतो नि जीव पण घेतो?”

“दुसरं अक्षर सांगा, राधाबाई.”

राधाबाईंनी ओ दाबला. बरोबर. चूक! शिल्लक जीव सहा.

“मी एक पापलेट ठेवलं तर तुजं यंत्र दोन मोजतंय!” राधाबाई उठून उभ्या राहिल्या. “तीस वर्सं धंदा करतंय मी. असं माझ्या पाटीवर झालं असतं तर गिऱ्हाईकानं पाटी डोक्यावर घातली असती.”

माधवरावांना स्वतःला हे अडीच महिन्यांत कळलं नव्हतं. शब्द त्यांना आधीच ठाऊक असत, ते दर वेळी बरोबर अक्षरं देत, तरी शेवटी दोनच जीव उरत. त्यांना वाटे, आपला खेळ फार चुरशीचा झाला आहे.

आता मात्र त्यांनी बसून विचार केला. माणूस आधी अक्षर दाबतो आणि मग एंटर. खेळ पहिलं अक्षर उचलून आत घेऊन जात होता. एंटर बाहेर ताटकळत उभा. पुढचं अक्षर मागितलं की हाच आधी आत घुसे, आणि एंटर हे काही कोळंबीतलं अक्षर नव्हे.

“एंटरच काढून टाकू,” गणपत म्हणाला. त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. माधवराव ‘थांब’ म्हणेपर्यंत त्याने बटणाखाली पातं घातलं होतं. बटण टप्पकन उडालं, ट्यूबलाइटला लागलं आणि थेट आमटीत पडलं. कमलताईंनी ते डावाने काढलं, धुतलं आणि टेबलावर ठेवलं. त्या दिवसापासून एंटरचा रंग हळदीचा झाला. चाळीतल्या मुलांचा त्यामुळे फायदाच झाला, त्यांना ते शोधावं लागेना.

माधवराव दादरच्या क्लासात गेले. तिथले सर बावीस वर्षांचे होते आणि त्यांच्या खिशाला पेजर होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अंकल, टेन्शन नका घेऊ. युजरला सांगायचं, नीट टाइप कर म्हणून. चुकीचं टाकलं तर त्याचा प्रॉब्लेम.”

“पण सर, समोर मुलं बसणार आहेत.”

“मग एक बोर्ड लावा. ‘नाव छोटं लिहा.’ फिनिश.”

माधवराव बाहेर पडले आणि दादरपासून डिलाईल रोडपर्यंत रागारागाने चालत आले. पंधरा वर्षांच्या जिन्यात एक गोष्ट ते शिकले होते: पहिल्या पायरीवरचं मूल चुकणारच. ते चुकणार हे धरूनच शिकवायचं असतं. मुलाने पाढ्यात गाणं म्हटलं तर मास्तर कोसळत नाही. मग मास्तरने लिहिलेला खेळ का कोसळावा? बोर्ड लावून मूल शहाणं झालं असतं तर शाळाच कशाला लागली असती?

आणि परळच्या पुलावर त्यांना आपली हजेरीची जुनी खिडकी आठवली. गिरणीच्या फाटकाशी पहाटे बदली कामगार उभे राहत. जितके कायम कामगार गैरहजर, तितकेच बदली आत घ्यायचे. खात्यात बारा माग रिकामे तर बारा माणसं. तेरावा कितीही ओळखीचा असला तरी नाही. पण खरी गोम पुढे होती. उरलेल्यांना ‘आज काम नाही, घरी जा’ असं तोंडाने सांगावं लागे. न सांगता खिडकी बंद केली तर ते तिथेच रेंगाळत आणि दुसऱ्या पाळीला आधीच्याच रांगेतून आत घुसत. नोकरीच्या पहिल्या महिन्यात माधवरावांनी ही चूक केली होती आणि एका मागावर दोन माणसं भांडत उभी राहिली होती.

पुलावर उभे राहून माधवराव मोठ्याने हसले. एक भेळवाला दचकला.

पुढचे आठ दिवस त्यांनी खेळाला फाटक बसवलं. काहीही टाइप केलं तरी पूर्ण ओळ आधी बाहेर थांबवायची. जागेत मावतील तेवढीच अक्षरं मोजून घ्यायची. उरलेल्यांना, एंटरसकट, घरी पाठवायचं, म्हणजे पुढच्या पाळीला कुणी रेंगाळणार नाही. मग आत घेतलेल्याला विचारायचं: तू अक्षर आहेस की आकडा? एकटाच आहेस ना? मोठ्या लिपीतला ए आणि छोट्या लिपीतला ए एकच समजायचा. आधी येऊन गेलेलं अक्षर पुन्हा आलं तर त्याबद्दल जीव घ्यायचा नाही. आणि काहीही चुकलं तरी ओरडायचं नाही, काय चुकलं ते सांगायचं आणि म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा. रोज सकाळी कमलताई परात ठेवून बघत. शुक्रवारी परातीला उत्तर मिळालं: ‘नाव लांब आहे. जरा लहान करा आणि पुन्हा प्रयत्न करा.’

“बघा,” कमलताई म्हणाल्या, “हे तुम्ही माझ्याशी कधी इतकं गोड बोलला नाहीत.”

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, सत्यनारायण झाला, शिरा वाटला गेला, आणि संगणक अंगणात मंडपाखाली टेबलावर आला. अण्णा बसले. त्यांनी मुद्दामच अख्खा पत्ता घातला, वर पिनकोड. संगणक म्हणाला, नाव लांब आहे. पुन्हा प्रयत्न करा. अण्णांनी नुसतं नाव लिहिलं. अक्षर विचारल्यावर त्यांनी पाच हा आकडा दिला. ‘हा आकडा आहे. एक अक्षर द्या आणि पुन्हा प्रयत्न करा.’ जीव आठच्या आठ. अण्णांनी काहीच न लिहिता एंटर दाबलं. ‘काहीच आलं नाही. पुन्हा प्रयत्न करा.’

मग चाळीला चेव चढला. गणपतने दोन्ही कोपरं टेकवली. राधाबाईंनी ओल्या बोटाने एकाच वेळी तीन बटणं दाबली. दुसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ कीबोर्डवर बसवण्यात आलं. भटजींनी पूजेतला नारळ ठेवून पाहिला. संगणक नारळालाही म्हणाला, एकच अक्षर द्या, पुन्हा प्रयत्न करा. लोक टाळ्या वाजवत होते, शिरा थंड होत होता, आणि माधवराव टेबलामागे वायर धरून असे उभे होते, जणू परीक्षेला त्यांचंच मूल बसलं होतं.

शेवटी दौलत पुढे आला. “सरका,” म्हणाला. त्याने टाइप केलं: ही खोली मला पाहिजे. संगणक म्हणाला, ‘एकच अक्षर द्या. पुन्हा प्रयत्न करा.’ दौलतने डोकं खाजवलं. मग एक अक्षर दिलं. बरोबर. दुसरं. बरोबर. तिसरं चुकलं. “थांबा, सांगू नका कुणी!” तो ओरडला. कुणी सांगत नव्हतं. दहा मिनिटांनी त्याने ‘चटई’ ओळखली आणि इतक्या जोरात उडी मारली की त्याच्याच मंडपाचा एक बांबू हलला.

“निकाल! निकाल द्या अण्णा!” चिटणीस ओरडू लागले.

अण्णा उठले नाहीत. ते पुन्हा संगणकासमोर सरकले होते. पडद्यावरच्या ‘पुन्हा प्रयत्न करा’ या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

“माधवा, ह्या तू लिवलंस?”

“हो अण्णा.”

“प्रत्येक चुकीक ह्याच?”

“हो. जितक्या वेळा चुकाल, तितक्या वेळा.”

अण्णांनी ती ओळ पुन्हा एकदा, एकेक अक्षर उच्चारत वाचली.

“चाळीस वर्सां मी त्या दारातसून आत-भायर केलंय,” ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच फक्त पहिल्या मजल्यापर्यंत गेला. “शेवटाक त्यांनी सांगल्यानी, उद्या येव नको. कोणी म्हणाक नाय, पुन्हा प्रयत्न करा.” त्यांनी चष्मा काढून पुसला. मग एकदम नेहमीच्या आवाजात, आसपासची कबुतरं उडवत, ओरडले, “ह्या यंत्र नाय! ही शाळा आसा! खोली माधवाची! हात वर करा!”

हात वर झाले. दौलतचाही झाला, तो म्हणाला, चुकून झाला, पण त्याने तो खाली घेतला नाही.

गर्दी शिऱ्याकडे वळली तरी अण्णा तिथेच बसून होते. “माधवा,” त्यांनी बाकी कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, आणि अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं, “वर्ग कितीक वाजता?”

“सोमवारी संध्याकाळी सहाला. मुलांसाठी आहे, अण्णा.”

“मी काय सांगलंय? मुलांसाठीच आसा ता.”

सोमवारी माधवराव साडेपाचला कुलूप उघडायला गेले. खोलीच्या दारात पहिली-दुसरीची अकरा मुलं रांगेत उभी होती. त्यांच्या पुढे, धुतलेलं धोतर नेसून, वही काखेत धरून दत्तूअण्णा पारकर उभे होते. मागच्या मुलीने तक्रार केली, “सर, आजोबा मध्ये घुसले.”

माधवरावांनी कुलपाला किल्ली लावली आणि म्हणाले, “अण्णा, रांगेच्या शेवटी उभे राहा आणि पुन्हा प्रयत्न करा.”

अण्णा निमूटपणे बाराव्या जागी जाऊन उभे राहिले.